मदत हवी आहे: काकांची लाल स्पिटफायर डोळ्यांना दिसते तशी फोटोत का येत नाही?

मंडळी, फोटोग्राफी आणि जुन्या गाड्या या दोन्हींतल्या जाणकारांकडून मार्गदर्शन हवं आहे.

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री (म्हणजे तिसरी आवृत्ती), 1968 ची, लाल. मालक माझे काका, मुक्काम जळगाव. जानेवारीत काकांची पंचाहत्तरी आहे. त्या दिवशी त्यांच्या बैठकीच्या खोलीत या गाडीचा एक मोठा फोटो फ्रेम करून लावायचा असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. त्यांना यातलं काही माहीत नाही. गाडी धुणं आणि रविवारी फिरवून आणणं माझ्याकडेच असतं, म्हणून संशय यायचं कारण नाही.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन सीटची, उघड्या टपाची इंग्लिश गाडी. बनायची कॉव्हेंट्रीला, पण आकार दिला जिओव्हानी मिकेलॉटी या इटालियन डिझायनरने. पहिली स्पिटफायर 1962 ची. मार्क थ्री 1967 ते 1970 या काळात निघाली, इंजिन 1296 सीसी. चासी ट्रायम्फ हेराल्डवर बेतलेली. तीच हेराल्ड आपल्याकडे मद्रासला 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून बनत होती, त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनचे काही पार्ट काकांनी जुन्या बाजारातून हेराल्डचेच शोधून आणले. गाडी आज रस्त्यावर आहे ती त्या जोरावर.

आता मुद्दा. गाडीशेजारी उभं राहिलं की काय दिसतं ते सांगतो. पुढच्या चाकावरची गोलाई दाराकडे येता येता उतरते, दारापाशी जरा विसावते आणि मागच्या चाकावर पुन्हा उचलते. दाराची वरची कड माझ्या कमरेलाही लागत नाही. बॉनेटच्या दोन्ही अंगांना, मडगार्ड जिथे जोडलेत तिथे, एक उभट शिवण हेडलाइटपासून मागे धावते. पुढच्या मार्क फोरमध्ये ती काढून टाकली, मला मात्र तीच सगळ्यात आवडते. आपण दोन पावलं चाललो की उजेडाची एक बारीक रेघ त्या गोलाईवरून आपल्याबरोबर सरकते.

फोटोत यातलं काहीच येत नाही. मोबाइलवर काढला तर नाक फुगलेल्या भजीसारखं पुढे येतं आणि मागची बाजू गायब. लाल रंगाचा नुसता सपाट पट्टा होतो, शिवण दिसतच नाही. दारावर आमच्या पत्र्याच्या शेडचं, शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचं आणि माझं स्वतःचं प्रतिबिंब. गावातल्या एका व्यावसायिक फोटोग्राफरकडून काढून घेतले, त्यांनी आकाश जांभळं करून दिलं. गाडी खेळण्यातली वाटते.

माझ्याकडे 24 मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, 18-55 आणि 55-250 मिमी या दोन लेन्स, एक जुना ट्रायपॉड. फिल्टर वगैरे काही नाही, लागला तर घेईन. जागा म्हणून मेहरूण तलाव डोक्यात होता, पण तिथे संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी. हतनूर धरणाकडे जाऊ का? की यावल-रावेरकडे केळीच्या बागेत? लाल गाडी आणि हिरवीगार केळी, कल्पना तर झकास वाटते. आणखी एक अडचण: गाडी जमिनीला टेकलेली आहे, शेतरस्त्याच्या चाकोरीत पोट घासतं. गर्दीत हळू चालवली की तापमानाचा काटाही वर चढतो.

नक्की काय बदलायचं? लेन्स, वेळ, जागा की माणूस?

तापीकाठ:
भाऊ, गाडी एक नंबर शे! आता कामाचं.

आधी लांब जा. नाक फुगतं ते मोबाइलमुळे नाही, तुम्ही दोन-अडीच मीटरवर उभे राहता म्हणून. इतक्या जवळून हेडलाइट आणि मागचं चाक यांच्या अंतरात मोठा फरक पडतो, जवळचं ते मोठं दिसतं. पंधरा-वीस मीटर मागे सरका, 55-250 लावा आणि 70 ते 100 च्या दरम्यान झूम ठेवा. गाडीची प्रमाणं आपोआप जागेवर येतील. 18-55 घरीच राहू द्या, नाहीतर मोह होतो.

लाल रंगाचं दुखणं वेगळं. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे नोंदवतो, त्यातला लाल चॅनेल बाकीच्या दोघांच्या आधी भरून जातो. स्क्रीनवर फोटो ठीक दिसतो, पण लालमधले बारीक फरक तेव्हाच उडालेले असतात. तुमची शिवण तिथेच गेली. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्ये काढा, एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली ठेवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघताना तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. उजवीकडे लाल भिंतीला टेकलेला दिसला की अजून खाली. अ‍ॅपर्चर एफ 8. आणि कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर, म्हणजे गुडघे टेकायची तयारी ठेवा.

जुनी_गाडी_नवा_ड्रायव्हर:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, शेवटचं वाक्य सोडून. हेडलाइटच्या उंचीवरून काढलेला फोटो जाहिरातीतला होतो. कोणतीही गाडी तिथून दांडगी दिसते, आणि ही गाडी दांडगी नाहीच. तिची उंचीच 1.2 मीटरच्या आसपास. प्रत्यक्षात आपण तिच्याकडे कायम वरून बघतो. धागाकर्त्याने जे वर्णन केलंय, दारापाशी उतरणारी आणि मागे उचलणारी ओळ, ती उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवरूनच नीट कळते. खाली बसलात की बॉनेट दार झाकून टाकेल.

लांब उभे राहा हे बरोबर, पण उभेच राहा. मागच्या कोपऱ्यातूनही एक काढा. मार्क थ्रीचा मागचा भाग अजून गोल आहे, मार्क फोरला तो कापल्यासारखा केला. बहुतेक लोक तोंडाचेच फोटो काढतात.

खेळणं वाटतं कारण मोजायला शेजारी काही नसतं. काकांनाच बाजूला उभं केलं असतं, पण तुमचं गुपित आहे. मग भावाला बसवा.

रावेरकर:
केळीच्या बागेचा विचार सोडा हो. आमच्याकडे लग्नाचे फोटोवाले हेच करतात. माणसाचं ठीक आहे, गाडीचं नाही. गाडीचा रंग म्हणजे आरसा. दोन्ही बाजूंनी केळी असली की दारात हिरवं उतरतं, आणि लालवर हिरवं पडलं की ते काळपट, मातकट दिसतं. केळी मागे लांब राहू द्या, फोटोत येऊ द्या, पण गाडीच्या ज्या अंगाचा फोटो काढताय त्या अंगाला, म्हणजे तुमच्या पाठीमागे, मोकळं रान हवं.

यावल-फैजपूर-रावेर पट्ट्यात सातपुडा उत्तरेला राहतो. मुख्य रस्त्यावर थांबू नका, केळीचे ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. एखादा डांबरी आडरस्ता शोधा, जिथे दक्षिण-पश्चिमेला हरभरा किंवा गव्हाचं सपाट शेत आहे. गाडी आडवी, तोंड पूर्वेला. तुम्ही दक्षिणेकडून. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येला मावळतो, म्हणजे तुमच्या डाव्या खांद्यामागे. मागे डोंगर. आधी दुपारी स्कूटरवर जाऊन रस्ता बघून या, खड्डे आणि गतिरोधक किती ते कळेल.

ऊन असताना काढू नका. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं आकाश उजळ असतं आणि सावली कुठेच नसते. तुम्हाला हवी ती उजेडाची रेघ म्हणजे दुसरं काही नाही, आकाश जिथे संपतं आणि जमीन जिथे सुरू होते त्याचं गाडीवरचं प्रतिबिंब. क्षितिज स्वच्छ असेल तर रेघ स्वच्छ. तुमच्या अंगणात क्षितिजाच्या जागी पत्र्याचं शेड आणि कपडे आहेत. आपली काळी माती यात उपयोगी पडते, दाराचा खालचा भाग छान गडद येतो.

उजेड कमी असेल, तेव्हा ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. गाडी काय पळून जाणार नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. उंचीबद्दल दोन मतं आहेत तर दोन्हीकडून काढून बघेन, पण छातीच्या उंचीचं मनाला पटतंय. पोलरायझर (प्रतिबिंब कमी करणारा फिल्टर) घेऊ का? दुकानदार म्हणतो प्रतिबिंब शंभर टक्के जातं.

तापीकाठ:
उंचीबाबत माघार. ही गाडी खरंच बुटकी आहे.

पोलरायझर घ्या, पण शंभर टक्के वगैरे विसरा. काचेवरचं आणि रंगावरचं प्रतिबिंब कमी होतं, क्रोमवरचं होत नाही. तुमच्या मार्क थ्रीला बंपर जाळीच्या मधोमध उचलून बसवलाय, समोरून काढलात तर त्यात तुम्ही दिसणारच. काळा शर्ट घाला. आणि फिल्टर पूर्ण फिरवू नका, नाहीतर रेघही पुसली जाईल. काचेवरची चमक जाईल इतकंच फिरवून थांबा. दीड-दोन स्टॉप उजेड खातो, म्हणून सूर्य बुडाल्यावर आधी फिल्टर लावून आणि मग काढून, असे दोन्ही घ्या.

पुढची चाकं थोडी वळवा, टायर नव्हे तर चाकाचा चेहरा कॅमेऱ्याकडे आला पाहिजे. जाग्यावर पोचल्यावर धूळ कोरड्या फडक्याने पुसू नका, बारीक ओरखडे उठतात आणि तिरप्या उजेडात तेच आधी दिसतात. पाण्याची बाटली आणि मऊ मायक्रोफायबर न्या, बॉनेट थंड झाल्यावर पुसा.

जुनी_गाडी_नवा_ड्रायव्हर:
वेळ असेल तर चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन बघून या. 1989 मध्ये ते गेले. त्यांचं टेबलटॉपचं काम बघा, टेबलावर मांडलेल्या छोट्या वस्तूंतून अख्खं दृश्य उभं केलंय. तुमची तक्रार उलटी आहे, खरी गाडी खेळणं दिसते. वस्तूचा आकार डोळ्याला कशावरून कळतो हे त्या फोटोंपुढे उभं राहून जितकं कळेल तितकं आम्ही लिहून सांगू शकत नाही.

धागाकर्ता:
चाळीसगाव जमेल, मावशी तिथेच असते. रस्ता बघायला या शनिवारी जातोय. शेवटचा प्रश्न, प्रिंट किती मोठी काढता येईल? भिंतीवर जागा भरपूर आहे.

रावेरकर:
24 मेगापिक्सेल म्हणजे 6000 बाय 4000 पिक्सेल. 24 बाय 36 इंच काढलंत तर इंचाला साधारण 166 पिक्सेल पडतात, सोफ्यावरून बघायला भरपूर झाले. काटछाट करू नका, फ्रेम जागेवरच नीट बसवा. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर काकांच्या बैठकीतली ट्यूबलाइट दिसेल. मोठी काढायच्या आधी आठ बाय बारा इंचाची एक काढून लाल रंग गाडीशेजारी धरून बघा, लॅबवाले लाल हमखास केशरीकडे नेतात.