मदत हवी आहे: परिषदेत तीन तासांचं हँड्स-ऑन ट्युटोरियल, प्रस्ताव कसा लिहू?

रावपुरा_रीड्स:
नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, बायोइन्फर्मॅटिक्समध्ये पीएचडी, चौथं वर्ष. एका परिषदेच्या आदल्या दिवशी ट्युटोरियलं आहेत, त्यांचे प्रस्ताव मागवलेत. अर्धा दिवस, चाळीस जागा. गाईड म्हणाले, "टाक तू." मुदत १६ जानेवारी. १४ आणि १५ला उत्तरायण, बडोद्यात कोणी जमिनीवर नसतं, सगळे पतंग घेऊन गच्चीवर. म्हणजे माझ्या हातात खरे नऊच दिवस.

भीती वाटण्याचं कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजात असंच वर्कशॉप घेतलं होतं. सगळ्यांना मेल केली होती, "कोंडा आणि टूल्स आधीच टाकून या." (कोंडा म्हणजे अशी टूल्स बसवून देणारा प्रोग्राम.) टाकून आले पाच जण. बाकीचे विंडोजवाले. बीडब्ल्यूए (रीड्स, म्हणजे सिक्वेन्सरने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे, संदर्भ जीनोमवर जुळवणारं, म्हणजे अलाइन करणारं टूल) विंडोजवर थेट चालत नाही, म्हणून डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकायला बसलो. कुणाकडे अ‍ॅडमिन पासवर्ड नाही, कुणाचं त्याला लागणारं व्हर्च्युअलायझेशन बायोसमध्ये बंद. एक मुलगी तर वडिलांच्या ऑफिसचा लॅपटॉप घेऊन आली होती, त्यात शिरायचीच बंदी. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा कोणीही एक रीडसुद्धा अलाइन केलेली नव्हती. मी तोंड लपवून घरी आले.

आता प्रस्तावाचं शीर्षक लिहिलंय, "आरएनए-सीक: कच्च्या रीड्सपासून डिफरन्शियल एक्स्प्रेशनपर्यंत". म्हणजे कोणती जनुकं कुठे कमी-जास्त चालतात, ते आरएनए वाचून शोधायचं. डेटा माणसाचा. प्रस्तावात नक्की काय काय लिहावं लागतं? इन्स्टॉलेशनचं काय करू? पेनड्राइव्ह वाटू का? आणि चाळीस जणांमागे मदतनीस किती?

टर्मिनलकाका:
अगं, आधी ते शीर्षक खोड. माणसाच्या जीनोमचा इंडेक्स चढवायला स्टारला (आरएनएच्या रीड्स जुळवणारं टूल) तीसेक जीबी रॅम लागते. चाळीसातल्या कोणाच्या दप्तरात ती आहे? शिवाय "पासून-पर्यंत" असं शीर्षक दिसलं की मी समजतो, शेवटचा तास पळापळीचा.

पेनड्राइव्ह नको, त्यातून इन्स्टॉलेशन सुटत नाही आणि व्हायरस मात्र चाळीस मशिनींत फिरून येतो. डाउनलोडचा हिशेब स्वतः करून बघ. दरडोई २ जीबी धरलेस तर ८० जीबी झाले. हॉलची लाइन १०० एमबीपीएसची असली आणि पूर्ण वेगाने धावली तरी पावणेदोन तासांहून जास्त. ती पूर्ण वेगाने कधी धावत नाही.

कोलॅब वापर, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं गूगलचं नोटबुक. बीडब्ल्यूए, सॅमटूल्स (जुळवलेल्या रीड्स हाताळायला), बीसीएफटूल्स (बदल शोधायला) हे सगळं तिथे अ‍ॅप्टने एका सेलमध्ये बसतं, आणि बसतं ते गूगलच्या मशिनवर. हॉलच्या वायफायवर फक्त पानाचा भार.

इंदूरकर:
ताई, कमांड लाइन शिकवायचीच नसेल तर गॅलॅक्सी बघा, तिथे हीच टूल्स ब्राउझरमध्ये बटणं दाबून चालवता येतात. मी आमच्याकडे इंदूरला वेट-लॅबच्या (प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या) लोकांसाठी तेच घेतो. मात्र चाळीस जणांनी एकाच वेळी जॉब टाकले की रांग लागते आणि आपण समोर उभे राहून विनोद सांगत बसतो. युरोपच्या गॅलॅक्सी सर्व्हरवर प्रशिक्षणासाठी वेगळी रांग फुकट मागता येते, पण अर्ज आधी करावा लागतो. गॅलॅक्सी ट्रेनिंग नेटवर्कवर तयार धडेही आहेत, सगळं शून्यापासून लिहायची हौस नसेल तर.

रावपुरा_रीड्स:
कमांड लाइनच शिकवायची आहे, तेव्हा कोलॅब. काका, डेटा कोणता घेऊ मग? ई. कोलाय जिवाणूचा विचार केला, ४६ लाख बेस (डीएनएची अक्षरं), चालेल. की त्याहून लहान?

टर्मिनलकाका:
सार्स-कोव्ह-२ घे, कोविडचा विषाणू. संदर्भ जीनोम २९,९०३ बेसचा. १५० बेसच्या रीड्सच्या दहा हजार जोड्या (एकेका तुकड्याची दोन टोकं, दोन वेगळ्या फायलींत) म्हणजे तीस लाख बेस, म्हणजे साधारण शंभर पट कव्हरेज (प्रत्येक जागा सरासरी शंभरदा वाचलेली). दाबलेल्या फायली काही एमबीच्या. अलाइनमेंट चहाचा घोट संपायच्या आत. एसआरएमधून (सिक्वेन्सिंग डेटाचं सार्वजनिक कोठार) एक सँपल उतरव, सीकटीके या टूलने त्यातल्या दहा हजार जोड्या उचल, झालं.

आणि शेवट डोळ्यांना दिसेल असा ठेव. आयजीव्हीची (रीड्स जीनोमवर मांडून दाखवणारा प्रोग्राम) ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती उघडून सगळ्यांनी २३,४०३ व्या जागी जायचं. संदर्भात ए, आणि खाली रीड्समध्ये उभी रांगच्या रांग जीची. हाच तो स्पाइक प्रथिनातला डी६१४जी बदल. सँपल २०२० च्या उत्तरार्धातलं किंवा नंतरचं घे, म्हणजे बदल सापडेलच. तरी आधी स्वतः बघून ठेव.

रावपुरा_रीड्स:
पण परीक्षक म्हणणार नाहीत का, हे काय शिळं, कोविड?

परीक्षक_गुमनाम:
मी अशा प्रस्तावांचं परीक्षण केलंय, म्हणून सांगते. विषय शिळा म्हणून मी एकही नाकारला नाही. नाकारले ते कुणासाठी आहे हे न कळल्यामुळे. "सर्वांसाठी उपयुक्त" असं वाचलं की माझा हात आपोआप पुढच्या प्रस्तावाकडे जातो.

तुम्ही असं लिहा: लिनक्सचं टर्मिनल कधी उघडलेलं नाही, पण डीएनए सिक्वेन्सिंग म्हणजे काय ते माहीत आहे, अशांसाठी. मग तीन तासांनंतर ही व्यक्ती स्वतः काय करू शकेल, ते दोन-तीन क्रियापदांत. "समजेल", "ओळख होईल" नको. "फास्टक्यूसीचा अहवाल वाचून खराब रीड्स ओळखेल" असं (फास्टक्यूसी म्हणजे रीड्सचा दर्जा तपासणारं टूल). मिनिटांचं वेळापत्रक द्या, त्यात चहा धरा. शिकवणारे किती, मदतनीस किती, आधी कधी शिकवलंय. ते फसलेलं वर्कशॉपही एका ओळीत लिहा, आणि त्यामुळे काय बदललंत तेही. मला तरी अशी ओळ वाचली की बरं वाटतं.

मदतनीस दहांमागे एक, म्हणजे तुम्ही सोडून चार. कार्पेंट्रीजवाले (संशोधकांना कोडिंग शिकवणारी संस्था) करतात तसं प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या द्या: झालं तर हिरवी, अडलं तर लाल, लॅपटॉपच्या झाकणावर. आपल्याकडे हात वर करायला लोक लाजतात, चिठ्ठी लावायला लाजत नाहीत.

इंदूरकर:
आणि प्लग! चाळीस लॅपटॉप, ६५ वॅटचे चार्जर, झाले २६०० वॅट. भिंतीतल्या ६ अँपिअरच्या सॉकेटला १३८० च्या आसपास झेपतात. बोर्डाला बोर्ड जोडून माळ केलीत तर पहिल्याच तासाला अंधार. हॉलवाल्यांना प्रस्तावाच्या वेळीच विचारून ठेवा.

रावपुरा_रीड्स:
अपडेट. मांडवीतून चिकटचिठ्ठ्या आणल्या, तीन एमएस्सीच्या मुलांना सेव-उसळीचं आमिष दाखवून लॅबमध्ये बसवलं आणि रंगीत तालीम घेतली. पहिला अर्धा तास झकास. मग बीडब्ल्यूएने तिघांनाही एकच शिवी दिली: "पेअर्ड रीड्स हॅव डिफरंट नेम्स", म्हणजे जोडीतल्या रीड्सची नावं जुळत नाहीत. तीन लाल चिठ्ठ्या. डेटा माझाच, तेव्हा खापर दुसऱ्या कोणावर फोडायचीही सोय नाही.

टर्मिनलकाका:
सीकटीकेला सीड (कोणत्या रीड्स उचलायच्या ते ठरवणारा आकडा) काय दिलास?

रावपुरा_रीड्स:
पहिल्या फायलीला ४२. दुसऱ्या फायलीला... दिलाच नाही.

टर्मिनलकाका:
मग दुसरीला त्याने आपलं ११ लावलं. पहिल्या फायलीतून एक दहा हजार रीड्स उचलल्या, दुसरीतून भलत्याच दहा हजार. नवरा एका वऱ्हाडातला, नवरी दुसऱ्या. दोन्हीकडे ४२ लाव.

रावपुरा_रीड्स:
लावला, चाललं. २३,४०३ वर जीची रांगही दिसली. त्यातला एक मुलगा स्क्रीनकडे बोट करून म्हणाला, "एटले आ ज पेलो म्यूटेशन?" (म्हणजे हेच ते म्यूटेशन?) आणि फोनवर फोटो काढला.

वेळेचं मात्र गणित चुकलंय. अलाइनमेंट ते व्हेरिएंट कॉलिंग (जीनोममधले बदल शोधणं) मी चाळीस मिनिटं धरली होती, लागली सत्तर. शिवाय चहाला गेलो तेवढ्यात एकाचं कोलॅब तुटलं आणि त्याच्या सगळ्या फायली गेल्या.

परीक्षक_गुमनाम:
दर टप्प्याची तयार फाइल नोटबुकमध्ये लिंक करून ठेवा. मागे पडलेला किंवा तुटलेला तयार बॅम (जुळवलेल्या रीड्सची फाइल) उतरवून पुढच्या टप्प्यावर येईल. आणि काहीतरी कापा.

रावपुरा_रीड्स:
ट्रिमिंग (रीड्सची खराब टोकं छाटणं) कापलं. खराब रीड्स फास्टक्यूसीत दाखवीन, क्यू३० म्हणजे हजारात एक चूक, एवढंच सांगून पुढे जाईन. नवं शीर्षक: "एका विषाणूतला एक बदल: फास्टक्यूपासून व्हेरिएंटपर्यंत, टर्मिनल प्रथमच उघडणाऱ्यांसाठी". फास्टक्यू म्हणजे कच्च्या रीड्सची फाइल. (हो काका, "पासून-पर्यंत" परत आलंय, राहू द्या.) प्रस्ताव आज ११ला पाठवला. अजून एक विचारायचं होतं, एक्स्टेन्शन बोर्ड भाड्याने द्यायला मंडपवालेच बरे की बडोद्यात दुसरं कोणी आहे?