किडनीसाठी स्टेम सेल: पत्रकातलं ‘सुरक्षित’ कितपत खरं?

दाभोळखाडी: बाबांची किडनी निकामी होत चाललीय: क्रिएटिनिन ३.८, ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचं माप) १७. पोटॅशियममुळे शहाळं बंद, आणि सध्या हापूसच्या एकेका फोडीवरून घरात भांडण. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी हातात फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडण्याचं छोटं ऑपरेशन) करून ठेवायला सांगितलंय. आई किडनी द्यायला तयार आहे, पण बाबा ऐकत नाहीत. त्यात चुलतभावाने मुंबईतल्या एका सेंटरचं पत्रक पाठवलं: सलाइनमधून स्टेम सेल (मूळ पेशी), तीन डोस, साडेचार लाख, ‘परदेशी चाचणीत सुरक्षित’. बाबा म्हणतात, पैशासाठी आंब्याची कलमं कराराने देऊ. काय करावं?

सुरंगी: मी क्लिनिकल ट्रायलमध्ये कोऑर्डिनेटर होते, आता चिपळुणात असते. चाचणीच्या पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न ‘बरं वाटलं का’ हा नसतोच. शिरेतून दिलेल्या पेशी आधी फुप्फुसात अडकतात, म्हणून ऑक्सिजन, बीपी, ताप बघत बसतात. पुढे कित्येक महिने गाठबीठ होत नाही ना, ते. इराणमध्ये ७ रुग्णांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी देऊन १८ महिने पाहिलं. गंभीर त्रास नाही, पण किडनीचं काम सुधारलं असंही नाही. तुलनेला दुसरा गटही नव्हता. पत्रकवाले अर्धंच सांगतात!

उलट थायलंडमध्ये ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) असलेल्या एका बाईंच्या थेट किडनीत पेशी टोचल्या, तर तिथे गाठी झाल्या. २०१० साली ते वैद्यकीय नियतकालिकात आलं. सलाइनची पद्धत वेगळी, हे मान्य.

मला खरी धास्ती आईंच्या किडनीची वाटते. पेशी परक्या असतील तर बाबांच्या रक्तात एचएलए अँटिबॉडी (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) तयार होऊ शकतात, मग आईंचीच किडनी क्रॉसमॅचला, म्हणजे प्रत्यारोपणाआधीच्या रक्तजुळणीच्या तपासणीत, अडकायची. पेशी कुणाच्या, ते विचारा.

दाभोळखाडी: फोन केला. नाळेतल्या, म्हणजे परक्याच. सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी विचारली तर ‘आमचा रिसर्च झालाय, ही आता ट्रीटमेंट आहे’ म्हणे.

आंबाघाट: मग विषय संपला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. साडेचार लाख कसले मागतात?

फिस्टुला मात्र लांबवू नका, तयार व्हायला काही आठवडे जातात. कुठल्या हाताला करणार ते आधीच विचारून ठेवा, आणि लॅबवाल्याला त्या हातातून रक्त काढू देऊ नका.