बेसबॉलचा कोणता नियम तुम्हाला कोणत्या सामन्यात कळला?

मंडळी, 2025 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, कधीच संपली, पण आमच्या घरात अजून एका चेंडूवरून विषय निघतो. म्हणून हा धागा काढतेय.

मी मिसिसागात राहते, टोरांटो ब्लू जेजची पक्की चाहती. त्या वर्षी 1993 नंतर पहिल्यांदा आमचा संघ वर्ल्ड सिरीजला पोहोचला. सहावा सामना 31 ऑक्टोबरला होता, हॅलोविनच्या रात्री. मालिकेत आम्ही 3-2 ने पुढे, म्हणजे हा जिंकला की काम फत्ते. नवव्या इनिंगमध्ये आम्ही 3-1 ने मागे होतो, पण एकही आउट नव्हता आणि पहिल्या बेसवर माइल्स स्ट्रॉ होता. पळायला चपळ माणूस. अ‍ॅडिसन बार्जरने चेंडू सणसणीत मारला, थेट भिंतीपर्यंत. स्ट्रॉ धावत होम प्लेटवर आला, त्याच्या मागोमाग बार्जरही अख्खी फेरी मारून आला. धाकटा चॉकलेटची पिशवी उपडी करून नाचत होता.

आणि अंपायरनी दोघांनाही परत पाठवलं. स्ट्रॉ तिसऱ्या बेसवर, बार्जर दुसऱ्या.

झालं असं होतं की चेंडू भिंतीच्या तळाशी, गादी आणि मैदान यांच्या फटीत रुतून बसला होता. समोरच्या लॉस एंजेलिस डॉजर्सचा फील्डर जस्टिन डीन तिथे पोहोचला, पण त्याने चेंडूला हात लावला नाही, दोन्ही हात वर केले. चेंडू अडकला की खेळ तिथेच थांबतो आणि पिचरने चेंडू टाकताना जो जिथे होता तिथून त्याला मोजून दोन बेस मिळतात. याला सगळे ग्राउंड रूल डबल म्हणतात. डीनने चेंडू उपसून काढायचा प्रयत्न केला असता तर एक रन नक्की झाला असता. त्याला त्या क्षणी नियम आठवला, याचं मला आजही कौतुक वाटतं आणि तितकंच वाईटही वाटतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. अर्नी क्लेमेंटचा सोपा झेल गेला. मग आंद्रेस हिमेनेझचा फटका डावीकडे किके हर्नांडेझने पुढे धावत येऊन पकडला आणि तसाच दुसऱ्या बेसवर फेकला. बार्जर बेस सोडून पुढे गेला होता. झेल झाला की रनरला आपल्या बेसवर परतावंच लागतं, तो पोहोचला नाही. एका झेलात दोन आउट, सामना संपला.

मुलाने विचारलं, "आई, हा कसला नियम?" मी त्याला आमच्या बदलापूरच्या गल्लीतलं क्रिकेट सांगितलं. गटारात गेला की दोन, जोशी काकूंच्या गॅलरीत गेला की आउट. मैदान तसे नियम. त्याला लगेच पटलं.

आता तुम्ही लिहा. कोणता नियम अडला, कोणत्या सामन्यात, कोणी समजावला. नवीन असाल तर नुसते प्रश्न टाकले तरी चालतील.

अटलांटाहून

ताई, माझा नियम इन्फील्ड फ्लाय. 5 ऑक्टोबर 2012, ब्रेव्हज विरुद्ध कार्डिनल्स, एकाच सामन्याचा वाइल्ड कार्ड. हरला तो घरी. मला अमेरिकेत येऊन दीड महिना झाला होता आणि रूममेटने तिकीट काढून बरोबर नेलं होतं. आठवी इनिंग, ब्रेव्हज तीन रननी मागे, दोन रनर बेसवर. चेंडू उंच उडाला, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) मागे मागे जात राहिला, मग बाजूला झाला आणि चेंडू गवतावर पडला. सगळं स्टेडियम उठून ओरडलं, कारण आता बेस भरले असं सगळ्यांना वाटलं. पण अंपायरने हात वर केला होता. बॅटर आउट. वरून बाटल्या आणि कागदाचे पेले मैदानात यायला लागले आणि खेळ बराच वेळ थांबला.

मी क्रिकेटवाला. न घेतलेल्या झेलावर माणूस आउट कसा? त्या रात्री रूममेटने जेवणाच्या टेबलावर मिठाच्या आणि मिरीच्या डब्या मांडून सांगितलं. पहिला-दुसरा बेस भरलेला असेल आणि दोनपेक्षा कमी आउट असतील, तर फील्डर सोपा झेल मुद्दाम सोडून दोघांना आउट करू शकतो. कारण रनर झेल होईल म्हणून बेसला चिकटून उभे असतात. ती लबाडी करता येऊ नये म्हणून बॅटरला आधीच आउट देतात. नियम पटला. पण तो झेल इतक्या लांब होता की तिथे हा नियम लावायला नको होता, असं माझं ठाम मत आहे आणि ते बदलणार नाही.

नेरुळहून

2025 च्या वर्ल्ड सिरीजचे सामने आमच्याकडे पहाटे साडेपाचला सुरू व्हायचे. तिसरा सामना 28 ऑक्टोबरला, मंगळवारी. दिवाळीचा उरलेला चिवडा घेऊन बसलो. नऊ इनिंग झाल्या, बरोबरी. मला माहीत होतं की जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर एक रनर आयता उभा करतात, म्हणजे सामना लवकर आटपतो. साडेनऊच्या मीटिंगला सहज पोहोचेन असा हिशेब केला. दहावी इनिंग सुरू झाली आणि दुसरा बेस रिकामाच!

तो नियम फक्त साखळी सामन्यांना असतो, प्लेऑफ्सना (साखळीनंतरच्या फेऱ्यांना) नाही, हे मला तेव्हा कळलं. सामना 18 इनिंग चालला, 6 तास 39 मिनिटं. डॉजर्सचा ओहतानी नऊ वेळा बेसवर पोहोचला, त्यातले चार वेळा तर त्याला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे न खेळवताच पहिला बेस. विल क्लाइन नावाच्या, मी तोपर्यंत ऐकलंही नव्हतं अशा डॉजर्सच्या पिचरने शेवटच्या चार इनिंग एकट्याने टाकल्या. डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनने होम रन मारून संपवलं तेव्हा आमच्याकडे दुपारचे बारा वाजून गेले होते. मीटिंग मी कान इकडे आणि डोळा तिकडे ठेवून केली.

सातवा सामना 2 नोव्हेंबरला, रविवारी सकाळी पाहिला. आणि त्याच दिवशी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाची फायनल! पावसाने उशीर झाला, मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला. एका दिवसात इतकं मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही.

टोक्योहून

नेरुळकर, तुमच्या त्याच सामन्याच्या वेळी मी ऑफिसात होतो. आमच्याकडे सकाळी नऊला सुरू झाला. बाराव्या इनिंगनंतर शेजारच्या टेबलावरचे सेनपाई (वरिष्ठ सहकारी) म्हणाले, "आमच्याकडे एव्हाना बरोबरी जाहीर करून लोक घरी गेले असते." जपानी लीगच्या साखळीत बाराव्या इनिंगनंतर सामना अनिर्णित धरतात. मला तोवर वाटायचं की बेसबॉलचे नियम जगभर सारखेच.

मला त्या दिवशीचं एकच दृश्य लक्षात आहे. अठराव्या इनिंगमध्ये डॉजर्सचा जपानी पिचर यामामोतो बुलपेनमध्ये (राखीव पिचर तयारी करतात त्या जागी) वॉर्म-अप करताना दिसला. दोनच दिवसांपूर्वी त्याने दुसरा सामना एकट्याने पूर्ण नऊ इनिंग टाकला होता. ऑफिसात एकदम शांतता पसरली. सेनपाईंनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. पुढे सहावा सामना त्याने सुरू केला आणि जिंकून दिला, दुसऱ्याच दिवशी सातव्यात पुन्हा आला आणि शेवटचा आउटही त्यानेच मिळवला.

मिल्वॉकीहून

आमच्या ब्रूअर्सचा 8-6-2 (चेंडू सेंटर, शॉर्टस्टॉप, कॅचर असा गेला, त्या जागांचे क्रमांक) कोणी लिहिला नाही अजून? 13 ऑक्टोबर 2025, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या मालिकेत डॉजर्सविरुद्ध पहिला सामना. बेस भरलेले, एक आउट. मॅक्स मन्सीने सेंटरला लांब मारला. सॅल फ्रेलिकने भिंतीपाशी उडी मारली, चेंडू ग्लव्हमधून उसळून भिंतीला लागला आणि परत ग्लव्हमध्ये आला. आम्हाला वाटलं झेल. डॉजर्सच्या रनरनाही तेच वाटलं. पण भिंतीला लागलेला चेंडू म्हणजे जमिनीवर पडलेला चेंडू, झेल नाहीच. म्हणजे सगळ्यांना पुढे पळणं भाग. तिसऱ्या बेसवरचा तेओस्कार हर्नांडेझ निघाला, परत गेला, पुन्हा निघाला, तोवर चेंडू होमला पोहोचला. मग कॅचर कॉन्ट्रेरास चेंडू हातात घेऊन आरामात तिसऱ्या बेसवर चालत गेला आणि तिथे पाय ठेवला. दुसरा आउट. चारशे फुटांच्या आसपास मारलेल्या चेंडूवर डबल प्ले!

यातून शिकलो ते असं. खरा झेल असता तरी रनरला चेंडू ग्लव्हला पहिल्यांदा लागताच निघता येतं, घट्ट पकडेपर्यंत थांबावं लागत नाही. मागे फिरायची गरजच नव्हती. सामना आम्ही 2-1 ने हरलो, मालिकाही. ते असो.

बॉस्टनहून

2013 च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना, आमचे रेड सॉक्स विरुद्ध कार्डिनल्स. नववी इनिंग, 4-4. कार्डिनल्सचा अ‍ॅलन क्रेग तिसऱ्या बेसवर आमच्या पडलेल्या मिडलब्रूक्सला अडखळला, होमवर आउटही झाला, तरी रन दिला आणि सामना संपला. ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे रनरच्या वाटेत अडथळा. मुद्दाम अडवलं की चुकून, याचा प्रश्नच नाही. मालिका आम्ही जिंकलो म्हणून आज शांतपणे लिहू शकतोय.

जळगावहून (सध्या शार्लट)

मी शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले आहे, जिल्ह्याच्या संघातून. त्यामुळे इथे आल्यावर मला वाटलं मला सगळं येतं. पहिल्याच सामन्यात रनर बेस सोडून चार-पाच पावलं पुढे येऊन उभा राहिला आणि मी ओरडले, "अरे आउट द्या त्याला!" आमच्या सरांनी अंगात भिनवलं होतं की पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत बेसवरचा पाय हलवायचा नाही. मी एकदा घाईत निघाले म्हणून आउट झाले होते आणि परतीच्या एसटीत कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. बेसबॉलमध्ये मात्र लीड घेणं हाच खेळ. म्हणूनच पिचरला फसवी हालचाल करायला बंदी, केली की बॉक आणि सगळे रनर एक बेस पुढे. लीड समजली तेव्हा कुठे बॉकही समजला.

एक विचारायचं होतं. सातव्या सामन्यात नवव्या इनिंगला, बरोबरी असताना, होमवर थोडक्यात आउट झालेल्या टोरांटोच्या काइनर-फलेफाने तिसऱ्या बेसवरून इतकी थोडी लीड का घेतली? दोन पावलं आणखी पुढे असता तर कप टोरांटोत असता.

मिसिसागाहून पुन्हा मी

जळगावकर ताई, इथे तोच प्रश्न सगळे विचारतात. बेस भरलेले होते, एकच आउट. जोरात मारलेला चेंडू थेट तिसऱ्या बेसवरच्या फील्डरकडे गेला तर रनर परतायच्या आत डबल प्ले होतो, आणि आदल्या रात्री बार्जरचं तेच झालं होतं. ती भीती मला समजते. पण लीड थोडी होती हे मलाही वाटतं.

सॅन होजेहून

मला त्याच क्षणाबद्दल लिहायचं आहे. आई दोन वर्षांपूर्वी सांगलीहून आमच्याकडे आली होती, तिला सॅन फ्रान्सिस्कोला जायंट्सचा सामना दाखवला. बॅटरचा तिसरा स्ट्राइक झाला, कॅचरच्या हातून चेंडू निसटला आणि बॅटर पळत सुटला. आई म्हणाली, "अरे, आउट झाला ना तो? मग पळतोय कशाला?" मी सांगितलं, पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झालेले असतील तर कॅचरने चेंडू नीट पकडल्याशिवाय तो आउट नाही. घरी परतल्यावर तिने रेशनच्या जुन्या वहीत मागच्या पानावर चौकोन काढून चार बेस लिहून घेतले. वही सांगलीला घेऊन गेली.

सातव्या सामन्याच्या वेळी तिने पहाटे साडेपाचला व्हिडिओ कॉल लावला, मी फोन टीव्हीकडे तोंड करून ठेवला. नवव्या इनिंगला तोच चेंडू. डॉजर्सच्या रोहासने होमला फेकला, काइनर-फलेफा घसरत आला, कॅचर विल स्मिथचा पाय प्लेटवरून उचलला गेला आणि परत टेकला. रिप्ले सुरू झाला. माझे मित्र म्हणत होते, स्मिथने रनरला हात कुठे लावला? फोनमधून आईचा आवाज आला, "बेस भरलेत रे. हात लावायचा नसतो. त्याचा पाय कधी टेकला तेवढं बघा."