मदत हवी आहे: टिकलीच्या जागी पांढरा डाग पडलाय. कातडीतला रंग एका पेशीकडून दुसरीकडे जातो कसा?

नमस्कार मंडळी,

यावल तालुक्यातून लिहितोय. आमच्या मोठ्या वहिनीच्या कपाळावर, बरोबर टिकली लागते तिथेच, पांढरा डाग पडलाय. आधी खाज यायची, जागा लालसर व्हायची, आणि वहिनी पुन्हा तिथेच टिकली चिकटवायची. आता डाग रुपयाएवढा झालाय, कडा टिकलीसारखीच गोल. बाकी अंगावर कुठेही काही नाही.

त्वचारोगाच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत जांभळ्या उजेडाचा दिवा धरून बघितलं, टिकली बंद करायला सांगितली, मलम लिहून दिलं. बाहेर एवढी गर्दी होती की जास्त काही विचारता आलं नाही. घरी मात्र ज्याच्या त्याच्याकडे उत्तर तयार आहे. कोणी म्हणतं दूध-मासे एकत्र खाल्ले, कोणी म्हणतं दही-लिंबू सोड. गल्लीतल्या एका आजींनी तर "तिले कोड फुटनं" असं सांगतच फिरायला सुरुवात केली. आखाजीला पुरणपोळ्या करताना वहिनीला कणकेला हात लावू दिला नाही. ती काही बोलली नाही, पण तेव्हापासून पदर कपाळावर ओढून वावरते. मला हे सहन होत नाही. घरच्यांशी बोलायचंय, पण बोलायच्या आधी मला स्वतःला नीट समजायला हवं.

वाचून कळलं ते असं. कातडीच्या वरच्या थरातल्या बहुतेक पेशी, म्हणजे केराटिनोसाइट, रंग बनवतच नाहीत. रंग बनवतात मेलानोसाइट, आणि त्या सगळ्यात खालच्या ओळीत मधूनमधून बसलेल्या असतात. त्यांना लांब फांद्या असतात. मेलानिन, म्हणजे हा रंग, मेलानोसोम नावाच्या बारीक पिशव्यांत तयार होतं, पिशव्या फांद्यांच्या टोकाला येतात आणि तिथून शेजारच्या केराटिनोसाइटमध्ये जातात. एक मेलानोसाइट साधारण 36 पेशींना रंग पुरवते. रंग घेतलेली पेशी ती मेलानोसोम आपल्या केंद्रकावर उन्हाच्या बाजूला छत्रीसारखी धरते, म्हणजे आतल्या डीएनएला ऊन कमी लागतं. हे वाचून मी थक्क झालो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, बाया दिवसभर केळीच्या बागेत नाहीतर कपाशीच्या रानात असतात, आणि कातडी आत हे काम करत असते!

आता अडलंय ते सांगतो. डागात रंग देणाऱ्या पेशीच मेल्यात, की त्या जिवंत आहेत पण रंग पुढे जात नाही? टिकलीचा गोंद तर सगळ्याच पेशींना लागला, मग मेलानोसाइटच का गेल्या? आणि सगळ्यात महत्त्वाचं: मोबाइलची टॉर्च तिरपी धरली तर डागाच्या आत दोन-तीन तपकिरी ठिपके दिसतात, मोहरीपेक्षाही बारीक, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक मऊ केस. हे चांगलं लक्षण आहे का? मेडिकलवाल्याने नायसिनामाइडचं क्रीमही सुचवलंय. लावू द्यावं का?

प्रतिसाद, तापीकाठ:

दादा, मी त्वचारोग विषयात शिकलेली आहे. वहिनींना न तपासता निदान करणार नाही, पण तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते.

ठिपक्यांपासून सुरू करते, कारण ते तुम्ही फार बारकाईने पाहिलंत. केसाच्या मुळाशी रंगपेशींचा राखीव साठा असतो. वरच्या मेलानोसाइट गेल्या तरी तो बऱ्याचदा शाबूत राहतो. तिथून नव्या पेशी केसाच्या बाजूने वर येतात आणि आजूबाजूला पसरतात, म्हणून परतणारा रंग आधी केसाभोवती ठिपक्यांनी दिसतो. हे ठिपके तसेच असतील तर लक्षण चांगलं आहे. डागातले केस काळे आहेत का तेही बघा. केसच पांढरे झाले असतील तर साठा संपल्याची शक्यता असते आणि उपचार अवघड जातात. तळहात-तळपायांवर केसच नाहीत, तिथले डाग म्हणूनच हट्टी असतात.

गोंदाचं म्हणाल तर टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल असू शकतं आणि त्याने कपाळावर पांढरा डाग पडतो, हे आपल्या देशात डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. या रसायनाची ठेवण टायरोसिन या अमिनो आम्लासारखी असते, आणि मेलानिन टायरोसिनपासूनच बनतं. मेलानोसाइटमधली रंग बनवणारी यंत्रणा त्यालाही कच्चा माल समजून हाताळायला जाते आणि त्यातून पेशीवर घातक ताण येतो. केराटिनोसाइटमध्ये ती यंत्रणाच नसते, म्हणून ती वाचते. म्हणजे अशा डागात रंग पोचवणं अडलेलं नसतं, रंग देणारी पेशीच गेलेली असते.

म्हणूनच नायसिनामाइड नको. ते मेलानोसोम शेजारच्या पेशीत जाण्याचं प्रमाण कमी करतं. काळ्या डागांसाठी ठीक, इथे आपल्याला नेमकं उलटं हवंय. आणि गोरं करणारी कुठलीही क्रीम दुकानातून परस्पर आणू नका, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

रंगपेशी शेजारी सरकतात याचा पुरावा जुना आहे. 1948 च्या सुमारास बिलिंगहॅम आणि मेडावर या शास्त्रज्ञांनी गिनीपिगच्या काळ्या कातडीचा तुकडा त्याच प्राण्याच्या पांढऱ्या कातडीत बसवला, तर भोवतीची पांढरी कातडी हळूहळू काळी होत गेली. आधी त्यांना वाटलं की काळी पेशी पांढरीला आपल्यासारखी करून टाकते. पुढे कळलं की रंगपेशी स्वतःच तिकडे सरकतात. आज स्थिर झालेल्या डागांवर चांगल्या कातडीतल्या पेशी काढून पसरवतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

आता घरच्यांसाठी. हा डाग संसर्गाने पसरत नाही. शिवल्याने नाही, ताटातून नाही, कणकेतून तर नाहीच. दूध-मासे आणि दही-लिंबाचाही संबंध नाही. कोड असतं तरी हेच सांगितलं असतं. कोडात शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशी रंगपेशींना मारतात, ते दुसऱ्याला लागत नाही.

धागाकर्ता:

ताई, फार उपकार झाले. केस काळे आहेत, आत्ताच बघितलं. टिकलीऐवजी कुंकू लावलं तर चालेल का? कपाळ मोकळं ठेवायला आई तयार नाही.

तापीकाठ:

सध्या त्या जागी काहीच नको. बाजारातल्या काही कुंकवांमधल्या रंगानेही ॲलर्जी होऊन कपाळ काळवंडतं. आईंना सांगा, डॉक्टरांनी औषध म्हणून मोकळं ठेवायला सांगितलंय. उन्हात जाताना जागा झाका, पांढऱ्या भागाला मेलानिनचं संरक्षण नाही आणि आजूबाजूची कातडी रापली की डाग आणखी उठून दिसतो. रंग यायला महिने लागतात, घाई करून डॉक्टर बदलू नका. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली किंवा आणखी कुठे नवा डाग दिसला तर मात्र वाट न पाहता दाखवा. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही त्वचारोगाचे डॉक्टर भेटतील.

धागाकर्ता:

टिकल्यांचं अर्धं पाकीट शिल्लक आहे. त्यावर गोंदात काय आहे ते छापलेलं नाही. फेकून देऊ?

तापीकाठ:

फेकू नका. पुढच्या वेळी जाताना ते सोबत न्या आणि पॅच टेस्टचं, म्हणजे संशयित पदार्थ कातडीवर थोडासा लावून ॲलर्जी तपासण्याचं, विचारा. दर आठवड्याला एकाच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून डागाचा फोटोही काढून ठेवा. ठिपके वाढतायत का ते त्यावरून कळेल.