स्नेपची वकिली करायलोय, कुठं चुकायलोय सांगा

खानापूरकर: हॅरी पॉटरचे सातही भाग तिसऱ्यांदा संपवले, निम्मे बेळगावच्या बसमध्ये उभ्यानं. आता स्नेपच्या, म्हणजे हॅरीच्या जादूच्या शाळेतल्या त्या खडूस मास्तरच्या बाजूनं निबंध लिहायलोय. पहिल्याच भागात क्विडिचच्या, झाडूवर बसून खेळायच्या त्या खेळाच्या वेळी तो मंत्र पुटपुटतो. आपल्याला वाटतं हॅरीचा झाडू तोच हलवायलाय, पण तो हॅरीला वाचवत असतो. सातव्या भागातल्या त्याच्या आठवणी वाचल्यावर तर मागचं सगळंच उलटं दिसतं. माणूस चांगलाच होता की!

निपाणीची वाचक: आणि हॅरीच्या वर्गातला नेव्हिल? त्याचे आईबाप छळानं वेडे झालेत, तरी तिसऱ्या भागात बोगार्ट, म्हणजे ज्याची सगळ्यात जास्त भीती त्याचंच रूप घेणारं भूत, समोर आलं की त्याला दिसतो कोण? स्नेप, वर्गातला मास्तर! शिवाय व्होल्डेमॉर्टला, त्या दुष्ट जादूगाराला, हरवणारं पोर जन्मणार ही भविष्यवाणी अर्धीच ऐकून त्याला पोचवली कुणी? स्नेपनंच! हॅरीच्या आईचं, लिलीचं नाव निघालं म्हणून पस्तावला. ती भविष्यवाणी नेव्हिललाही लागू होत होती. व्होल्डेमॉर्टनं नेव्हिलचं घर निवडलं असतं तर हा पस्तावला असता काय?

खानापूरकर: ताई, इथं अडकलो बघा. आठवीत कन्नडचे एक सर होते, ओत्तक्षर (कन्नडमधलं जोडाक्षर) चुकलं की वर्गापुढं उभं करायचे. माझा बोगार्ट तेच निघाले असते.

टिळकवाडी: मग निर्दोष म्हणू नकोस, शिक्षा कमी करून माग. शूर होताच तो, दुष्टपण होता. आणि ते सर निबंधात घाल, स्नेपपेक्षा तेच जास्त वाचतील लोक.

खानापूरकर: घालतो. नाव तेवढं नाही!