चेहऱ्यावरून खोटं पकडता येतं का खरंच?

पुणेरी_टेस्टर:
ऑफिसमध्ये हल्ली मला इंटरव्ह्यू पॅनलवर बसवतात. मध्यंतरी बॉडी लँग्वेजचं वर्कशॉप झालं, त्यात ट्रेनरने सांगितलं की नाकाला हात लावला म्हणजे खोटं, उजवीकडे वर बघितलं म्हणजे मनाने रचून सांगतोय वगैरे. परवा लातूरकडचा एक मुलगा आला होता, कोड एकदम बरोबर लिहिला त्याने, पण बोलताना घसा कोरडा आणि नजर सारखी टेबलावर. सिनियर म्हणाले "हा काहीतरी लपवतोय" आणि रिजेक्ट केला. मला अजिबात पटलेलं नाहीये. यात कितपत तथ्य आहे, कुणी सांगेल का?

मानसी_सायकॉलॉजी:
तुम्हाला पटलं नाही तेच बरोबर आहे. उजवीकडे बघणं म्हणजे खोटं, हे रिचर्ड वाइजमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि इतरांनी 2012 मध्ये तपासून बघितलं, काही संबंध सापडला नाही. बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी 2006 मध्ये ढिगाने प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला, तर माणसं खरं-खोटं साधारण 54 टक्के वेळा बरोबर ओळखतात, म्हणजे छापा-काट्यापेक्षा जेमतेम बरं. खरं हसू की खोटं हे ओळखण्याचं मात्र पूर्ण थोतांड नाही, ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1862 मध्येच दाखवलं होतं की मनापासून हसताना डोळ्याभोवतीचा स्नायूही आवळतो, पण तेही पुढे लोकांना मुद्दाम करता येतं असं दिसलंय. आणि चेहऱ्यावरच्या भावनांचा अभ्यास करणाऱ्या ज्या पॉल एकमनच्या नावावर ही सगळी वर्कशॉप्स चालतात ना, तो स्वतःच बजावून सांगायचा की चेहऱ्यावर भीती दिसली तरी ती कशाची ते चेहरा सांगत नाही. पकडले जाऊ याची भीती आणि खरं बोलूनही कुणी विश्वास ठेवणार नाही याची भीती, दोन्ही सारख्याच दिसतात! गावाकडून आलेलं पोर, समोर तीन साहेब, इंग्रजीत प्रश्न, घसा कोरडा नाही पडणार तर काय होणार? शिवाय मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही हे आपल्याकडे कित्येक घरांत लहानपणापासून शिकवतात.

पतसंस्थावाले_काका:
थोडं वेगळं मत मांडतो. मी वसुलीचं काम बरीच वर्षं केलंय, चेहरा बोलतो, पण ओळखीच्या माणसाचा बोलतो. आमचा एक दूधवाला खातेदार, काउंटरवर आला की आधी दोन गप्पा मारणार मग पैसे भरणार, एकदा सरळ स्लिप सरकवली आणि मान वर केली नाही. बाजूला बसवून चहा मागवला, विचारलं, तेव्हा कळलं की म्हैस दगावली होती. तो नेहमी कसा असतो ते माहीत होतं म्हणून फरक दिसला. अर्ध्या तासासाठी आलेल्या परक्या पोराचं तुम्हाला काय माहीत?

सोलापूरची_लेक:
काकांशी सहमत, फक्त एक सांगायचंय. माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे, त्यात चेहऱ्याचे स्नायू हलायचेच कमी होतात, पापण्याही कमी लवतात. नातेवाईक येतात आणि जाताना आईला म्हणतात, "आता त्यांना काही कळत नाही वाटतं." अहो सगळं कळतं त्यांना! मॅच बघताना चौकार गेला की चेहरा तसाच, पण उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर टकटक करतात आणि आम्ही काय ते समजतो. फार चीड येते लोकांची. निदान त्यांनाच विचारा ना, "काका कसं वाटतंय", उत्तर यायला वेळ लागतो म्हणून दुसऱ्या वाक्याला आईकडे वळायचं का?

पुणेरी_टेस्टर:
सगळ्यांचे मनापासून आभार. @मानसी, मग पॅनलवर नेमकं करायचं काय?

मानसी_सायकॉलॉजी:
सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि मार्क उत्तराला, तेही प्रत्येकाने आपापले आधी लिहायचे मग चर्चा. प्रोजेक्टबद्दल शंका असेल तर "यात तुझा भाग कोणता, कुठे अडला, कसं सोडवलंस" असं खोदून विचारा, नुसतं ऐकून आलेला तिथेच अडखळतो. सुरुवातीला पाणी द्या, मराठीत बोललास तरी चालेल म्हणा. आणि कोड बरोबर होता ना, मग त्या मुलाची फाइल परत उघडायला लावा, एचआरला लेखी मेल टाका.