नेदरलँड्सची निवडणूक: संसदेत पंधरा पक्ष हवेत कशाला?

कालव्याकाठी

२९ ऑक्टोबर २०२५ ला इथे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची, म्हणजे १५० जागांच्या त्वेडे कामरची निवडणूक झाली. डच नागरिक झाल्यापासूनचं माझं हे दुसरं मत. भारतीय पासपोर्ट परत केला त्या दिवशी घशाशी आवंढा आला होता, म्हणून असेल, पण मतदान मी जरा जास्तच मनावर घेतो. कामावर जाताना स्टेशनातल्या केंद्रावर गेलो. तिथे हातात पडते ती मतपत्रिका नव्हे, सतरंजी. सत्तावीस पक्ष, प्रत्येकाचा उभा रकाना, सगळे मिळून हजारावर उमेदवार. त्यातला आपला एक गोल शोधायचा, लाल पेन्सिलीने रंगवायचा आणि मग ती सतरंजी घडी करून चाकं लावलेल्या कचऱ्याच्या डब्यासारख्या पेटीत कोंबायची. मत द्यायला दहा सेकंद, घडी घालायला मिनिटभर.

निकाल असा: डी६६ २६, कट्टर उजव्या, स्थलांतरविरोधी खेर्ट विल्डर्स यांची पीव्हीव्हीसुद्धा २६, व्हीव्हीडी २२, ग्रोएनलिंक्स-मजूर पक्ष २०, सीडीए १८, जेए२१ ९, फोरम ७, शेतकऱ्यांचा बीबीबी ४. मग तीन-तीन जागांचे पाच पक्ष (त्यात एक प्राण्यांच्या हक्कांसाठीचा), पेन्शनरांचा पक्ष २ आणि व्होल्ट १. एकूण पंधरा! पहिल्या दोघांत सगळ्या देशात मिळून तीसेक हजार मतांचा फरक.

माझं म्हणणं सरळ आहे. जर्मनीसारखी पाच टक्क्यांची अट इथेही आणा, म्हणजे देशात तेवढी मतं नसतील तर त्या पक्षाला जागाच नाही. आज एका जागेपुरती, म्हणजे सत्तर हजारांच्या आसपास मतं मिळाली की झालात खासदार. मग सरकार बनवायला २०२१ मध्ये २९९ दिवस, २०२३ नंतर २२३ दिवस. आणि इतकं करून ते दुसरं सरकार टिकलं किती? अकरा महिने.

मिरचीपूड

ते सरकार पाडलं कोणी, ते नाही लिहिलंत. प्राण्यांच्या पक्षाने पाडलं की पेन्शनरांच्या? ३ जून २०२५ ला विल्डर्स बाहेर पडले म्हणून पडलं. त्यांच्या तेव्हा ३७ जागा होत्या, सभागृहातला सगळ्यात मोठा पक्ष. सरकारातला दुसरा भागीदार पक्ष एनएससी, २० जागा, तो ऑगस्टमध्ये काळजीवाहू मंत्रिमंडळातूनही उठून गेला आणि ऑक्टोबरात शून्यावर आला. पाच टक्क्यांची अट असती तरी हे दोघेही आरामात आत आले असते. दुखणं गुडघ्याला आणि मलम कपाळाला.

श्टुटगार्टकर

मिरचीपूड, मुद्दा चांगला आहे पण अर्धा आहे. अटीचा फायदा सरकार पडताना दिसत नाही, बनताना दिसतो. आमच्याकडे जर्मनीत २३ फेब्रुवारी २०२५ ला मतदान झालं, ६ मे ला मेर्झ चान्सलर. ७२ दिवस. दोन गटांत वाटाघाटी, विषय संपला. जर्मनांनी ही अट हौसेने नाही आणली. वायमार काळात, म्हणजे हिटलरच्या आधीच्या लोकशाहीत, संसदेत पक्षांचा नुसता बाजार भरला होता आणि त्याचा शेवट कशात झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मिरचीपूड

दादा, त्याच निवडणुकीची दुसरी बाजू सांगा की! झारा वागेनक्नेश्ट यांच्या पक्षाला ४.९८ टक्के पडले. जवळपास पंचवीस लाख मतं, साडेनऊ हजार कमी पडली आणि जागा शून्य. एफडीपी हा उदारमतवादी पक्ष ४.३ टक्के, तोही शून्य. अटीखाली गाडली गेलेली सगळी मतं मोजली तर जवळजवळ १४ टक्के होतात. वागेनक्नेश्ट आत आल्या असत्या तर मेर्झ आणि त्यांचा भागीदार एसपीडी (समाजवादी लोकशाही पक्ष) यांचं बहुमतच झालं नसतं. म्हणजे तुमचं ते 'विषय संपला' साडेनऊ हजार मतांवर उभं आहे. आणि इतकं करूनही ६ मे ला पहिल्या फेरीत मेर्झना ३१६ हवी असताना ३१० च मतं पडली. युद्धानंतर पहिल्यांदाच असं झालं. त्याआधीचं चान्सलर शोल्त्स यांचं सरकार मोडलं ते एफडीपीशी बिनसल्यावर, आणि तो पक्ष २०२१ ला साडेअकरा टक्के घेऊन आला होता.

गणपुले_गणिती

भांडताय तर आकडे घ्या. परवाच्या डच निकालाला पाच टक्क्यांची चाळणी लावली तर वरचे सहा पक्ष उरतात, त्यांच्या जागा १२१. फोरमपण गळतो. डी६६, व्हीव्हीडी आणि सीडीए मिळून ६६. आज १५० मध्ये ६६ म्हणजे बहुमताला दहा कमी. चाळणीनंतर १२१ पैकी ६६, म्हणजे स्पष्ट बहुमत. धागाकर्ते खूष!

आता तीच चाळणी पुढे चालवा. विल्डर्सच्या २६ च्या १५० च्या मापात ३२ होतात. आणि गळालेल्या २९ जागांमागे वीस लाख मतं आहेत, ती पेटीऐवजी खऱ्याच कचऱ्याच्या डब्यात गेली असं समजा. (लोक अट बघून मत वेगळं देतील, मान्य. तो हिशेब कोणालाच करता येत नाही.)

सांगलीकर मामा

मंडळी, एक शंका. हे विल्डर्स म्हणजे पक्षात सभासद एकटेच ते ना? बाकी सगळे खासदार नुसते निवडून आलेले, सभासद कोणीच नाही? मग फूट पडायची भानगडच नाही. आमच्याकडे कळवा कुणीतरी.

मिरचीपूड

मामा, सभासद एकटेच, खरंय. पण इथे पक्षांतरबंदी नाही. खासदार पक्ष सोडून गेला तरी खुर्ची त्याचीच. तेव्हा फूट तिथेही पडू शकते.

पोल्डरची सून

मी शेतीच्या भागात राहते, नवऱ्याच्या काकांच्या दीडशे गाई आहेत. गोठ्यांतून होणारं नायट्रोजनचं प्रदूषण कमी करायच्या सरकारी धोरणावरून इथे काय रण पेटलं होतं ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलंय, हायवेवर ट्रॅक्टरची रांग संपता संपत नव्हती. २०२१ ला बीबीबीला एक टक्का मतं पडली आणि एकच जागा आली. पक्षाच्या नेत्या कारोलिना फान देर प्लास त्या जागेवर बसायला ट्रॅक्टरमधून हेगला, संसदेत गेल्या. दोन वर्षांनी, मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत तोच पक्ष देशात पहिला. मग मंत्रिमंडळात बसले, कारभार जमला नाही, आता ४ वर आले. मला त्यांचं राजकारण फारसं पटत नाही. पण काकांचा राग एकदा माइकसमोर जाऊन बसला आणि त्याची उत्तरं त्यालाच द्यावी लागली. पाच टक्के असते तर तो राग रस्त्यावरच राहिला असता, नाहीतर गुपचूप विल्डर्सकडे गेला असता.

श्टुटगार्टकर

ताई, हे पटलं. तरी मधला रस्ता आहे. पाच नको, दोन टक्के ठेवा. डेन्मार्कमध्ये दोनच आहेत आणि तिथे कोणी गुदमरलेलं नाही.

मिरचीपूड

दोन मला चालतील. पण अट एकदा आली की ती वाढवायचा मोह मोठ्यांना होतो, एवढंच म्हणणं. तुर्कस्तानात दहा टक्के होती. २००२ मध्ये दोनच पक्ष आत, एर्दोआन यांच्या पक्षाला ३४ टक्के मतांवर ५५० पैकी ३६३ जागा. ४६ टक्के मतं हवेत. स्थिर सरकार मिळालं हो, इतकं स्थिर की अजून हललेलं नाही.

कालव्याकाठी

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो. विल्डर्सबद्दलचं मान्य, सरकार मोठ्यांनीच पाडलं. तुर्कस्तानचं उदाहरण मात्र ओढून आणलंय, दहा कोण मागतंय? आणि २९९ दिवसांचं काय ते अजून कोणीच बोललेलं नाही. त्या काळात काळजीवाहू सरकार, मोठे निर्णय लोंबकळत, घरांची टंचाई तशीच. माझ्या ऑफिसातला पस्तिशीचा मुलगा अजून आईवडिलांकडे राहतो. त्याला पंधरा पक्षांच्या वैविध्याचं कौतुक सांगून बघा.

आकडे बघून मीही पाचवरून दोनवर यायला तयार होतो. डच भाषेत या अटीला 'कीसद्रेम्पल' म्हणतात, द्रेम्पल म्हणजे उंबरठा. उंबरठा बेताचाच असावा, ठेच लागण्याइतका नको, असं एक छान वाक्य जुळवून रात्री जेवताना बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "मी व्होल्टला दिलंय." एक जागा! दोन टक्क्यांतही बसत नाही. नंतर भांडी मीच घासली.